बाईसाठी खाली आणलेली गाडी

कुठलीही पायरी दिसली की हेमराजभाऊ वाकायचे, स्वतःच्या नडगीवर तळहात आडवा धरायचे आणि पायरी तिथवर येते का ते बघायचे. एसटीची पायरी, देवळाची, हॉटेलचीसुद्धा. त्यांचे स्वतःचे गुडघे ठणठणीत होते. माप असायचं थोरल्या बहिणीचं. आई लहानपणीच गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं होतं. भाऊ तिला बाई म्हणत, म्हणून आम्हीही बाईच म्हणायचो. बाईचे गुडघे कामातून गेले होते आणि अर्ध्या नडगीच्या वर पाय उचलत नव्हता.

भाऊंचं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान होतं. गेल्या वर्षी ते विकून दोघं भावंडं भाऊंच्या मुलाकडे पुण्याला गेली, तेव्हापासून गाव मला जरा ओकंबोकंच वाटतं. ही गोष्ट त्याआधीची. माझं दुकान हायवेला, व्हील अलाइनमेंटचं. ऐटीसाठी खाली बसवलेल्या गाड्या माझ्याकडे आणतात ती मिसरूड फुटलेली पोरं. त्यामुळे साठीचे भाऊ आपली उंच जीपगाडी स्प्रिंगा कापून, बसकी करून घेऊन आले तेव्हा मला हसू आवरेना. भाऊंना कुणाच्या हसण्याचं काही वाटत नसे. ते म्हणाले, "मानसाले वर चढता येत नसन, तं गाडीले खाली आना. सोपी गोष्ट हाय."

गाडी खाली आली की पुढच्या चाकांची तोंडं फिरतात. ती सरळ केली नाहीत तर स्टिअरिंग हाताला दाद देत नाही. मी ती सरळ केली, स्वतः चालवून पाहिली. गाडी सुतासारखी सरळ गेली.

थोड्याच दिवसांत भाऊ परत आले. एकटे असले की गाडी शहाणी, बाई शेजारी बसली की भटकते, अशी त्यांची तक्रार. सानगडीला जाताना वैनगंगेच्या पुलावर ती चक्क ट्रककडे सरकली होती. मी पुन्हा तपासलं, तर मशीनवर चाकांचे आकडे बरोबर. भाऊंनी बाईला बसवलं की पुन्हा तेच.

मग बाईनं गाडीत बसायचंच सोडलं. लग्नानंतर लगेचच तिचा नवरा गेला होता, आणि लोकांनी पांढऱ्या पायाची म्हणून जे बोल लावले ते तिच्या मनात घर करून बसले होते. सानगडीला भाऊंच्या मुलीकडे बारसं होतं. बाई म्हणे, माझ्यानं गाडी बिघडते, तर त्या तान्ह्या लेकराजवळ मी कशाला जाऊ? मुलीला तर पाळण्याजवळ बाईच हवी होती. भाऊ मला हे सांगताना रडवेले झाले होते.

शेवटी त्यांनी बाईला कसंबसं गाडीत घालून माझ्याकडे आणलं. तपासणीच्या पट्ट्यांवर गाडी चढवायची म्हणून मी बाईला उतरायला सांगितलं. ती ऐकेना. एकदा उतरले की परत या गाडीत पाय ठेवणार नाही, म्हणाली. भाऊ म्हणाले, "राहू दे तिले बसून." मी वैतागलोच, पण गाडी दोघांसकट वर घेतली आणि आकडे बघून चाट पडलो. सगळे बिघडलेले. आधीच खाली आलेली गाडी बाईच्या वजनानं आणखी दबत होती आणि चाकांची तोंडं बाहेर फाकत होती. इतके दिवस आम्ही रिकामी गाडीच सरळ करत बसलो होतो.

दोघांना तसंच बसवून मी चाकं लावली आणि बाईला सारं समजावलं. तिनं शांतपणे विचारलं, "म्हंजे माह्या पायगुनाचं नाही, बाबू?"

"नाही बाई. नुसतं वजनाचं."

"वजन तं हायच माहं," ती म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून हसली.

बारशाच्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. दुपारी सानगडीहून भाऊंचा फोन आला. पुलावर काय झालं, मी आधी तेच विचारलं.

"पूल आला तं मीच घाबरलो होतो," भाऊ म्हणाले. "बाजूले पाह्यलं, तं बाई घोरून राहिली होती."

"आणि आता?"

"आता लेकरू तिच्या मांडीवर हाय. मांगून राहिलो, तं मलेबी देत नाही."