मधली शांतता

आमच्या फिल्म सोसायटीतल्या डीव्हीडींची यादी मी करतो. सिनेमा चालू असताना दिग्दर्शक त्याबद्दल बोलतो असं भाष्य वेगळं ध्वनिमुद्रित केलेलं असेल, तर त्या आवाजाचा प्रकारही नोंदवायचा. सिनेमा सहा-सहा स्पीकरांतून घुमतो. भाष्य बहुतेक मोनो, म्हणजे एकपदरी आवाजाचं असतं. एका माणसाला तेवढं पुरतं. सगळं ऐकायला वेळ नसतो, म्हणून सुरुवात, मध्य आणि शेवट तेवढा तपासायचा, अशी आमची रीत.

काल सोबतच्या सुनंदाताईंनी एका डिस्कपुढे ‘मोनो, सदोष’ असं लिहिलं. “मध्ये आवाजच नाही हो,” त्या म्हणाल्या.

मी हेडफोन लावला. त्यात खुर्ची करकरल्याचा आवाज आला. कुणीतरी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हातारा दिग्दर्शक तिथेच होता, फक्त बोलत नव्हता. पडद्यावर एक तरुण बाई खिडकीशी केस विंचरत होती. ती उठून गेल्यावर तो म्हणाला, “ही माझी बायको. आता नाही ती.” आणि लगेच खिडकीतल्या उजेडाबद्दल बोलू लागला.

कुणाचंही आयुष्य आपण असंच तीन ठिकाणी तपासून बाजूला ठेवतो.

मी ‘सदोष’ खोडलं.

“मग काय लिहू?” सुनंदाताईंनी विचारलं.

“पूर्ण,” मी म्हणालो.