मालागा आणि मालेगाव

रिसोडच्या स्टँडवर जवळच्या मालेगावच्या जीपमध्ये सवाऱ्या भरणारा एकजण आहे. आधी माणसाची पिशवी जीपमध्ये ठेवायची, मग कुठं जायचं ते विचारायचं, ही त्याची रीत. काल माझी भाजीची पिशवीही त्यानं ठेवली.

"कुठं, काका?"

माझ्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. म्हणालो, "मालागाले जाऊ का नको, तेच ठरून नाही राह्यलं."

"मालेगावले जायाले एवढा इचार?"

"मालेगाव नाही भाऊ, मालागा. स्पेनमधी, समुद्राकाठी."

तो थबकला. "पाह्यासारखं काय हाये तिथं?"

"मले काय माहीत. पोरगी राह्यते, या म्हणते."

वाटलं, आता पिशवी उतरवेल. त्यानं फडक्यानं पुढची सीट झटकली.

"मंग बसा. रस्ता मालेगाववरूनच हाये."