आपलं बोर्डिंग बंद झालंय

मैत्रिणींनो, आज भाचीचं नाव घालायला भावासोबत जुन्नरला, आपल्या अँग्लिकन मिशनच्या शाळेत गेले होते. शाळा भरते, पण बोर्डिंग बंद झालंय.

भावाच्या गावाहून, घाटघरहून, रोज येणं शक्य नाही. भाऊ म्हणाला, "ऱ्हाऊ दे आक्का. सातवी झाली, तेवढं बास."

मी तिला माझ्याकडे पुण्याला न्यायला तयार होते. "पुणं लई लांब," एवढंच तो बोलला.

भाचीनं विचारलं, "आत्या, तू कुठं झोपायची?" मी खिडकीतून बोर्डिंगचा हॉल दाखवला. आत मोडके बाक रचले होते. ती बराच वेळ बघत राहिली. मग राहायला म्हणून आणलेली ट्रंक स्वतःच उचलून एसटीकडे निघाली.

आपण सगळ्या तिथंच राहून शिकलो. ते बंद होताना आपल्यातल्या एकीलाही कसं कळलं नाही?