सकूबाई आणि न जेवणारा मासा

जव्हारच्या बाजारपेठेत डॉक्टर धनेश यांचा दातांचा दवाखाना आहे. सकाळी साडेआठला त्याचं कुलूप काढतात त्या सकूबाई. झाडलोट करायची, पाणी भरायचं, पांढरे रुमाल धुऊन घड्या घालायच्या, एवढं त्यांचं काम. वय सहासष्ट. माहेर पोशेऱ्याचं, सासर सूर्यमाळजवळच्या एका पाड्यावर. त्या पाड्याच्या अंगणवाडीत सकूबाईंनी सत्तावीस वर्षं मदतनीस म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर त्या जीप चालवणाऱ्या मुलाकडे, उमेशकडे, जव्हारला राहायला आल्या. महिनाभर घरात बसल्या आणि म्हणाल्या, "बसून बसून अंग आंबलं माझं. कुठं काम हाय का बघ." उमेशने डॉक्टरांना विचारलं, आणि सकूबाई दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन हजर झाल्या.

दवाखान्यात येणारी पोरं दारातच रडायला लागत. त्यांचं लक्ष दुसरीकडे वळावं म्हणून डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत माशांची मोठी काचेची पेटी बसवली होती. तीही साधी नव्हे, खाऱ्या पाण्याची. गाळलेल्या पाण्यात खास मीठ कालवून ते भरायचं. आत समुद्रातले भोकाभोकांचे दगड, दोन नारिंगी मासे आणि एक गडद निळा. तिघेही खादाड. डबा उघडल्याचा आवाज आला की काचेला येऊन चिकटायचे.

फेब्रुवारीत डॉक्टर ठाण्याला गेले आणि आणखी एक मासा घेऊन आले. तळहाताएवढा, पांढराशुभ्र, अंगावर उभे तांबूस पट्टे, शेपटीजवळ डोळ्यासारखा काळा ठिपका, आणि तोंड चिमट्यासारखं लांब. दुकानदाराने त्याचं नाव कॉपरबँड सांगितलं होतं. सकूबाईंच्या जिभेवर ते काही बसेना. त्यांनी त्याला चोच्या म्हणायला सुरुवात केली, आणि दोन दिवसांत सगळा दवाखाना त्याला चोच्या म्हणू लागला.

चोच्या जेवेना. डॉक्टर बर्फात गोठवलेली बारीक कोळंबी विरघळवून पाण्यात सोडायचे, आणि तो दगडामागे जाऊन उभा राहायचा. बाकीचे तिघे दोन मिनिटांत सगळं फस्त करायचे. डॉक्टरांनी खाण्याला लसणाचा रस लावून पाहिला, खाणं बदलून पाहिलं. ठाण्याला फोन केला, तर दुकानदार म्हणाला, "देते रहो, खाएगा." चौथ्या दिवशी चोच्याच्या पोटाला खळगा दिसायला लागला.

"पोट आत गेलंय मावशी," डॉक्टर म्हणाले. "जाणाऱ्या जिवाला उगाच इथवर आणलं मी."

दुपारी सकूबाई आपला डबा घेऊन पेटीसमोर बसल्या. खपाटीला गेलेलं पोट कसं दिसतं ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. अंगणवाडीत येसू नावाची एक पोर होती, अडीच वर्षांची. आजीच्या कडेवरून यायची आणि तोंड घट्ट मिटून बसायची. पाच-सहा बाया तिच्याभोवती कोंडाळं करून "खा गं, खा गं" करायच्या. एक दिवस सकूबाईंनी सगळ्यांना बाजूला केलं. मोठ्या पोरांना आधी ओट्यावर जेवायला बसवलं, येसूला मागच्या दारी नेलं, पानाच्या द्रोणात दोन घोट नाचणीची पेज तिच्यासमोर ठेवली आणि स्वतः तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसल्या. नवव्या दिवशी येसूने द्रोणात बोट बुडवलं. सगळीच पोरं अशी हाताला लागली नव्हती. जी लागली नाहीत, त्यांच्याबद्दल सकूबाई कुणाशी बोलत नसत.

डबा धुऊन त्या आत गेल्या. "डॉक्टर, आधी त्याच्याकडं बघणं बंद करायला हवं. जो येतो तो काचेवर टकटक करतो. वर्तमानपत्र लावू का?"

डॉक्टर हो म्हणाले. पेटीला तीन बाजूंनी कागद लागला, फक्त एका कोपऱ्यात सकूबाईंनी दोन बोटं फट ठेवली. तिथून त्या अधूनमधून बघायच्या. संध्याकाळी त्यांना दिसलं की चोच्या हळूच बाहेर येतो, दगडाच्या एकेका भोकात तोंड खुपसतो, थांबतो, पुढच्या भोकाकडे जातो.

"त्याला भूक हाय," त्या म्हणाल्या. "तुम्ही वरून टाकता आणि तो भोकात शोधतो. वरून पडतं ते खाणं हाय, हेच त्याला ठावं नाय."

"मग काय करायचं?"

"हालणारं कायतरी देऊन बघू."

दुसऱ्या दिवशी उमेशने येताना ओहोळातली बारीक जिवंत कोळंबी बाटलीतून आणली. ती पाण्यात सोडली आणि निळ्याने एका दमात तिचा फडशा पाडला. चोच्याला एकही मिळाली नाही. डॉक्टर हिरमुसले.

"माझंच चुकलं," सकूबाई म्हणाल्या. "आधी त्या तिघांना बाजूला करायला हवं होतं."

"पण मावशी, चोच्याला जाळीत धरायचं तर तो घाबरून मरेल."

"त्याला कशाला धरता? जेवायला धावणारे धरायला सोपे. त्यांनाच टोपलीत घाला, हा राहू दे मोकळा."

डॉक्टरांना ते पटलं. बाजारातून भोकांची नवी प्लास्टिकची टोपली आणली, साबण न लावता धुतली आणि पेटीच्या एका कोपऱ्यात अर्धी बुडवून, वर जाळी टाकून बांधली. खाण्याचा डबा वाजवला, तिघे धावत आले आणि तिघेही टोपलीत गेले. सगळी पेटी चोच्याला मोकळी झाली.

त्या दिवशी बाजार होता. डहाणूकडून मासळी घेऊन येणाऱ्या बाईकडे जिवंत तिसऱ्या, म्हणजे खायच्या छोट्या शिंपल्या, होत्या. सकूबाईंनी मूठभर घेतल्या. एक शिंपली सुरीने अर्धी उघडली, खाऱ्या पाण्यात विसळली आणि दगडाच्या भोकात घट्ट बसवली. चोच्या आला. शिंपलीसमोर बराच वेळ उभा राहिला, तिरपा झाला, आणि निघून गेला. तासाभराने सकूबाईंनी शिंपली काढून घेतली, नासून पाणी बिघडायला नको म्हणून.

"नाहीच जमलं," डॉक्टर म्हणाले.

"आला होता ना समोर. आज बघितलंन, उद्या येल."

सकाळी त्यांनी नवी शिंपली ठेवली. या वेळी आतलं मांस सुरीच्या टोकाने थोडं मोकळं करून ठेवलं, म्हणजे पाण्याबरोबर ते हलत राहील. मग स्टूल ओढून पेटीकडे पाठ करून बसल्या आणि रुमालांच्या घड्या घालायला लागल्या. समोरच्या टेबलावर रविना बसते, पेशंटची नावं लिहून घेणारी. तिथून तिला कोपऱ्यातली फट दिसत होती. लिहिता लिहिता ती थांबली.

"मावशी," ती हलक्या आवाजात म्हणाली, "मागे वळू नका. त्यानं शिंपलीत तोंड घातलंय."

सकूबाई वळल्या नाहीत. "खातो का नुसता हुंगतो?"

"टोचतोय. परत टोचतोय. तुकडा ओढला बघा. गिळला."

सकूबाईंच्या मांडीवर चार रुमाल उरले होते. त्यांनी चारही नीट घड्या घालून ठेवले आणि मगच वळून पाहिलं. शिंपली अर्धी रिकामी झाली होती. आतल्या खोलीत डॉक्टर एका पेशंटची दाढ कोरत होते. रविनाने दारातून नुसती मान हलवली, तसे ते हातमोजे घातलेलेच बाहेर आले, फटीतून बघितलं आणि परत आत गेले. पेशंटने नंतर सांगितलं, डॉक्टर काम करताना गुणगुणत होते.

त्यानंतर दिवसातून तीनदा शिंपली ठेवायची असं ठरलं. आठ-दहा दिवसांनी सकूबाईंनी त्याच रिकाम्या शिंपलीत तिसरीच्या तुकड्याबरोबर गोठवलेली कोळंबी भरायला सुरुवात केली. चोच्याने आधी तुकडा खाल्ला, मग कोळंबी. पुढे नुसत्या कोळंबीवरही तो यायला लागला, आणि मार्च संपता संपता पाण्यात तरंगणारी कोळंबीही टिपू लागला. पोटाचा खळगा भरून आला. कागद निघाले. तिघे टोपलीतून सुटले, फक्त जेवणाच्या वेळी त्यांना अजूनही एका बाजूला वाढतात आणि चोच्याला दुसऱ्या.

डॉक्टरांनी ही हकिकत ठाण्याच्या दुकानदाराला सांगितली. त्याला खरं वाटेना. तो म्हणाला, त्या बाईंनाच फोन द्या. सकूबाई तरुणपणी ठाण्याला बांधकामावर जायच्या, त्यामुळे हिंदीला त्या घाबरत नाहीत.

"कौन सा दवा डाला?" दुकानदाराने विचारलं.

"दवा नाय डाला. तिसरी डाला. और उसके तरफ पीठ करके बैठा."

आता तो दुकानदार असा मासा विकला की डॉक्टरांच्या दवाखान्याचा नंबर देतो. परवा डोंबिवलीहून एका बाईंचा फोन आला. त्यांचा मासा सहा दिवस उपाशी होता. सकूबाईंनी हातातला झाडू भिंतीला टेकवला, स्टुलावर बसल्या आणि त्यांना टोपली, शिंपली, कागद सगळं सावकाश सांगितलं. शेवटी त्या बाईंनी विचारलं, "तुम्ही समुद्राकाठच्या का?"

"नाय हो, आम्ही डोंगरातली," सकूबाई म्हणाल्या. "समुद्र एकदाच बघितला, डहाणूला, अंगणवाडीच्या सहलीत. पण पोरं सांभाळण्यातच सगळा दिस गेला." आणि मग त्यांनी विचारलं, "तुमच्या पेटीत दुसरे मासे किती हायेत, ते सांगा आधी."