गंगाराम आणि बाबल्याची जबानी

नाटे गावच्या गंगारामाला बोलता येत नव्हते असे नाही. चार माणसांपुढे उभे राहायची वेळ आली की त्याची जीभ टाळूला चिकटायची, एवढेच. आणि असा माणूस मुंबईला कायदा शिकत होता. सुट्टीत घरी आला की बंदरावर जाळी विणत बसलेली माणसे त्याला हटकून हाक मारीत.

"काय गंगाराम वकील, फासावरचा माणूस सोडवणार कसा? खुणा करून?"

गंगाराम हसून पुढे जाई. बाप भागोजी तांडेल तो शाळेत असतानाच वारला होता. आई ठमाबाई मासे विकून घर चालवी, आणि ज्ञातीच्या मंडळाने दिलेल्या शिष्यवृत्तीवर तो बी. ए. झाला होता. आता सकाळी लॉ कॉलेजचे वर्ग आणि दिवसभर एका पेढीत पत्रे लिहिणे, असा क्रम होता. वर्गातल्या मुलांचे बेत मोठमोठे होते. कुणाला मुन्सफ व्हायचे होते, कुणी म्हणे नाशिकला जाऊन फौजदारकीचे शिक्षण घेतो, एक जण तर जेलर होणार म्हणून दंड-बैठका काढीत असे. गंगारामाने मनाशी वेगळेच ठरवले होते. हायकोर्टात भाषांतरकारांची कचेरी होती. तिथे मराठी कागद पुढ्यात घ्यायचा, इंग्रजी कागद तयार करायचा आणि संध्याकाळी घरी जायचे. कुणापुढे तोंड उघडायला नको. गुन्ह्यांचा कायदा त्याला मनापासून आवडे, पण कागदावरच.

१९३१ च्या एप्रिलात परीक्षा देऊन तो रत्नागिरीला उतरला आणि सुट्टीपुरता हरिश्चंद्र वकिलांकडे कागदांच्या नकला करायला राहिला. हरिश्चंद्रराव साठीचे, फटकळ, तपकीर ओढणारे. त्याच सुमारास कोर्टाने त्यांच्या गळ्यात एक खटला घातला होता. आरोपीला वकील द्यायची ऐपत नव्हती, गुन्हा खुनाचा होता, म्हणून सरकारनेच वकील नेमून दिला होता.

आरोपी होता बाबल्या, जैतापूरच्या खाडीपलीकडच्या एका वाडीतला पन्नाशीचा मच्छीमार. मेला तो विठू, त्याच वाडीतला, तीस वर्षांचा. रापणीचे मोठे जाळे कुठे ओढायचे, किनाऱ्यावरची कुठली जागा कुणाची, यावरून दोघांचे जानेवारीत भांडण झाले होते आणि "तुला बघून घेईन" असे बाबल्या साऱ्या वाडीसमोर बोलला होता. पुढे चारच दिवसांनी ओहोटीच्या वेळी दोन बायकांनी लांबून पाहिले, की विठू वाळूत आडवा पडला आहे आणि बाबल्या सुरी घेऊन त्याच्यावर वाकला आहे. माणसे पोचेपर्यंत विठू गेला होता. गुडघ्याच्या मागे खोल जखम होती आणि वाळू लाल झाली होती. विठूच्या भावाने फिर्याद दिली. आणि सगळ्यावर कडी म्हणजे, बाबल्याने मामलेदारापुढे गुन्हा कबूल केला होता.

"यात लढायचं काय?" हरिश्चंद्रराव म्हणाले. "कबुलीजबाब दिलाय त्यानं. फाशीऐवजी काळं पाणी मिळवलं तरी पुष्कळ झालं. तू आपल्या नकला कर."

गंगाराम नकला करू लागला. फौजदारापुढची कबुली पुराव्यात येत नाही, पण मॅजिस्ट्रेटपुढची येते, हे कलम त्याने महिन्यापूर्वीच परीक्षेत लिहिले होते, आणि मामलेदार मॅजिस्ट्रेटच होता. आता त्याच कलमापायी एक जिता माणूस फासाखाली जात होता. त्याने इंग्रजी भाषांतर पुढे ओढले. त्यात बाबल्याचे वाक्य होते, की विठूला मीच संपवले, आणि मला त्याचे वाईट वाटते. खाली मामलेदाराची सही. मग त्याने मूळ मराठी जबानी घेतली. तिथे कारकुनाच्या मोडी अक्षरात लिहिले होते:

"मीच त्याचा काटा काढला. अर्धा आतच राहिला. माझे चुकले."

गंगारामाने भाषांतर पुन्हा पाहिले. "अर्धा आतच राहिला" हे वाक्य त्यात कुठेच नव्हते. भाषांतरकाराला त्याचा अर्थ लागला नसावा, म्हणून त्याने ते गाळून टाकले होते. गंगाराम मात्र त्याच वाक्यावर अडला. वैऱ्याचा काटा काढला, तर त्यातला अर्धा आत कसा राहील?

त्याने पंचनामा उघडला. बाबल्याकडून जप्त केलेल्या वस्तूंत एक सुरी, एक धोतर, एक दोरी, आणि चौथ्या आकड्यावर होते: "दोन्ही कडांना करवतीसारखे दाते असलेले हाड, मोडलेले, लांबी चार बोटे. हत्यार असावे."

तो उठला. वकिलांच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि तिथून परत आला. असे दोनदा झाले. तिसऱ्या वेळी हरिश्चंद्ररावच ओरडले, "आत तरी ये नाही तर बाहेर तरी राहा! लंबक का झालास घड्याळाचा?"

"साहेब," गंगाराम म्हणाला, "त्यानं काटा काढला."

"ते मला ठाऊक आहे."

"तसा नाही, साहेब. खराच काटा. पाकटाचा."

हरिश्चंद्ररावांची तपकिरीची चिमूट नाकापाशी थांबली. ते शाकाहारी ब्राह्मण. पाकट म्हणजे काय हे गंगारामाला त्यांना टेबलावर हात पसरून दाखवावे लागले. सुपासारखा चपटा मासा, उथळ पाण्यात वाळूखाली दडून बसतो. शेपटी चाबकासारखी, आणि तिच्या बुडाशी दातेरी काटा. चुकून पाय पडला की शेपटी फिरवून मारतो. दाते उलटे असतात, त्यामुळे काटा आत जातो तितका सहज बाहेर येत नाही. एवढे सगळे गंगाराम एका दमात बोलला आणि आपण बोललो हे ध्यानात येताच गप्प झाला.

"तर्क चांगला आहे," वकील म्हणाले. "पण मी भर कोर्टात माशाची गोष्ट सांगायची आणि आरोपीनं म्हणायचं, कुठला पाकट? उद्या तुरुंगात चल माझ्याबरोबर. तूच विचार. तुझी भाषा त्याला कळेल."

दुसऱ्या दिवशी बाबल्या त्यांच्यापुढे उकिडवा बसला. त्याने वकिलांकडे पाहिलेही नाही.

"काका, मी नाट्याचा. भागोजी तांडेलाचा मुलगा," गंगाराम म्हणाला.

"भागोजीचा?" म्हाताऱ्याने मान वर केली. "मग जाळी सोडून कागद कशाला विणतोस?"

"विठूचा काटा कशान काढलात, काका?"

"सुरीन. आणखी कशान काढणार? हातान उपटलास तर मांस घेऊन येता तो. त्येचा पाय पाकटावर पडला, मी बाजूलाच होतो. बोंब मारलीन तसा धावलो. जरा चिरला, ओढला, तर मधीच मोडला. मग रगात काय थांबेना. नीट काढला असता तर जगला असता पोरगा. माझ्या हातान गेला तो."

"हे मामलेदारसाहेबांना का नाय सांगितलात?"

"सांगितला की! मीच काटा काढला म्हणून सांगितला. अर्धा आत ऱ्हायला, ता पण सांगितला. साहेब बोलले, वाईट वाटता का? बोललो, वाटता. मग अंगठा घेतलानी."

"काका, साहेबांना वाटला, काटा काढला म्हणजे तुम्ही त्याला मुद्दाम मारलात."

बाबल्याने एकदा गंगारामाकडे आणि एकदा वकिलांकडे पाहिले. "खंयच्या गावात असा बोलतात? आमच्यात काटा काढला म्हणजे काटा काढला. आणि माणूस मारला तर माणूस मारला बोलतात."

"मग इतके दिवस तुम्ही समजत होता काय?"

"समजणार काय? काटा नीट काढला नाय, त्येची शिक्षा. मोठी वाटली जरा. पण सरकारचा कायदा, आपल्याला काय ठावं!"

हरिश्चंद्रराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. परत येताना कचेरीच्या पायरीवर थांबून ते म्हणाले, "जाणती मासेवाली हवी साक्षीला. ते हाड ओळखणारी. आहे कोणी, कोर्टाला न घाबरणारी?"

गंगारामाने खाली बघत सांगितले, "माझी आई आहे."

ठमाबाई दोन दिवसांनी लाँचने आली. सेशन्स जज्ज वर, त्यांच्या बाजूला अभिप्राय द्यायला बसवलेले चार असेसर, सगळे शहरातले पांढरपेशे. सरकारी वकील मूळचे पुण्याकडचे, कडक इस्त्रीचे. आधी दवाखान्याच्या डॉक्टरांची उलटतपासणी झाली. जखमेच्या कडा सुरीने होतात तशा सरळ होत्या की फाटलेल्या, असे हरिश्चंद्ररावांनी विचारले. डॉक्टरांनी कागद पाहिला. बाहेरची चीर सरळ होती. आतल्या कडा मात्र फाटलेल्या होत्या. कशाने, ते सांगता येत नाही, आणि आत काही राहिले का ते आपण पाहिले नव्हते, असे ते म्हणाले. जज्जांनी ते लिहून घेतले, पण चेहऱ्यावर काही दिसले नाही.

मग ठमाबाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. तिच्या हातात ते हाड दिले.

"हे काय आहे, बाई?"

"पाकटाचा काटा. मोडलेला हाय. टोक नाय त्येचा."

सरकारी वकील उठले. "तुझा मुलगा आरोपीच्या वकिलांकडे नोकरी करतो ना?"

"होय, साहेब. पण पाकट माझ्या मुलाकडे नोकरीला नाय."

कोर्टात खसखस पिकली. पट्टेवाला "चूप" म्हणून ओरडला आणि स्वतःही तोंड फिरवून हसला.

सरकारी वकील सोडणारे नव्हते. "आम्ही इतकी वर्षे रत्नागिरीच्या बाजारातून मासे आणतो. असला काटा आम्हाला कधीच कसा दिसला नाही?"

"बघणार कसे, साहेब? पाकट होडीत आला की आधी शेपूट तोडून दर्यात टाकायचा, मग बाकीची कामा. काट्यासकट बाजारात आणला तर गिऱ्हाईक मरेल ना! तुमच्यापर्यंत आम्ही काटा येऊच देत नाय."

जज्जांनी हाड मागवून घेतले आणि बोटाने दाते चाचपले. मग त्यांनी मूळ मराठी जबानी आणि तिचे भाषांतर शेजारी शेजारी मांडायला सांगितले. गाळलेले वाक्य त्यांनी शिरस्तेदाराकडून तीनदा वाचून घेतले. गंगाराम मागच्या बाकावर बसला होता. तिन्ही वेळा त्याने ते वाक्य मनातल्या मनात म्हटले.

दुपारी चारही असेसरांनी निर्दोष असा अभिप्राय दिला आणि जज्जांनी बाबल्याला सोडून दिले. बाबल्या पिंजऱ्यातून हललाच नाही. शिपायाला त्याला हाताला धरून बाहेर आणावे लागले.

"हायकोर्टाच्या कचेरीत बसून भाषांतरं करायचा बेत आहे म्हणे तुझा," हरिश्चंद्रराव संध्याकाळी गंगारामाला म्हणाले. "कर. चांगली करशील. पण तुरुंगात त्या माणसाला तू जे विचारलंस, ते मला विचारता आलं नसतं. तीस वर्षं वकिली करतोय मी."

दुसऱ्या दिवशी तो आईला आणि बाबल्याला घेऊन लाँचने निघाला. आईला नाट्यात उतरवून तो तरीने खाडीपलीकडे बाबल्याबरोबर गेला, कारण बाबल्याचा पाय एकट्याने वाडीकडे वळत नव्हता. कोर्टाने सोडला, पण विठूची बायको कमळा काय म्हणेल, हे त्याला कुणी सांगू शकत नव्हते.

बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. वाडीतली माणसे दारांत येऊन उभी राहिली. विठूचा भाऊ त्यांना पाहून आत निघून गेला. कमळा मात्र अंगणातून उठून पुढे आली, आणि गंगारामाला वाटले, ही आता शिव्या देणार. तिने पदर सावरला.

"काका, तुम्ही शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होता ना?"

"होतो, बाय."

"काय बोलले?"

गंगारामाच्या मनात आले, की फौजदार, मामलेदार, डॉक्टर, दोन वकील आणि जज्ज, इतक्यांनी विठूच्या मरणाविषयी इतके प्रश्न विचारले, पण हा कुणी विचारला नव्हता. त्यानेही नाही.

बाबल्या खाली बसला. "आधी माला शिवी घातलान. बोलला, म्हाताऱ्या, हळू ओढ. मग बोलला, चार दिवसांमागचा भांडण सोडून दे, जागा तुझीच. मी बोललो, गप ऱ्हा, जागेचा मागून बघू. मग तुझा नाव घेतलान. दोनदा. मग नाय बोलला काय."

कमळा उभ्याउभ्याच रडली. रडणे आवरल्यावर तिने आत जाऊन पाण्याचा तांब्या आणला आणि बाबल्यापुढे ठेवला. गंगारामाकडे वळून विचारले, "तुम्हीच ते वकील?"

"अजून नाही," गंगाराम म्हणाला. "परीक्षा राहिल्यात. दोन वर्षांनी होईन."

हे आपण कधी ठरवले, ते त्याला आठवेना. पण शब्द तोंडातून निघून गेले होते, आणि भोवती वीसेक माणसे उभी असूनही जीभ अडखळली नव्हती.

"मग दोन वर्षांनी इकडेच या," कमळा म्हणाली. "आता बसा. भात होतोय. दोघेही जेवून जा."