कुसुमकाकूंचा उजेडाचा बाक

सोल्डरिंग आयर्न हातात घेतलं की कुसुमकाकू आधी पदर खोचायच्या, मग चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि तारेच्या टोकाला दम द्यायच्या, "हललीस तर बघ हां." सत्तरी उलटलेली बाई, आयुष्यभर घावणे घातलेला हात, आणि त्याच हातातून धुराची बारीक रेघ वर चाललेली. मी शेजारचा. फ्यूज उडाला तरी वायरमनला फोन लावणारा माणूस. दारात नुसता बघत उभा राहायचो.

हा उद्योग त्यांनी हौसेनं मांडला नव्हता. काकूंचे यजमान तात्या जन्मभर बोटीवर नोकरी करून घरी आले आणि त्यांची नजर मंदावत गेली. उजेड कळायचा, पण वस्तूंच्या कडा दिसायच्या नाहीत. त्यात आमच्या भाट्ये गावातली माजघरं भर दुपारी अंधारी. एकदा जेवायला येताना तात्या बाकाला अडखळले नि पाहुण्यांसमोर पालथे पडले. लागलं थोडंच, पण तेव्हापासून माणूस खोलीबाहेर येईना. "माझं ताट इथंच आणून दे," म्हणाले. काकू ताट नेऊन द्यायच्या आणि माजघरात एकट्या जेवायच्या.

"वादळात डेकवर चालायचा रे हा माणूस," मला म्हणाल्या, "आणि आता खाटेवर बसून जेवतोय. मला नाही बघवत."

अशात नातीनं फोनवर एक व्हिडिओ दाखवला. कडेनं एलईडीची पट्टी लावलेलं टेबल, निव्वळ शोभेचं. काकूंनी एवढंच विचारलं, "ही कड ह्यांना दिसेल का गो?" झालं! बाजारातल्या राम आळीतून पट्टी आणि बारा व्होल्टचा अडॅप्टर आला, माळ्यावरची पटाशी खाली उतरली आणि काकू त्याच फणसाच्या बाकाला खाच मारायला बसल्या.

"काकू, शॉक बसेल," मी म्हटलं.

"बारा व्होल्टाला काय घाबरतोस मेल्या? मुंगी जास्त चावते."

हे वाक्य पुढे मी येता-जाता ऐकलं. पहिली पट्टी त्यांनी भलतीकडेच कापली. कात्रीची खूण असते तिथंच ती कापायची, हे नंतर कळलं. मग प्लस-मायनस उलटे जोडले. पेटेना. "रुसलीय मेली," म्हणाल्या आणि सगळं सोडवून पुन्हा बसल्या. शेवटी पेटली, तर खाऱ्या हवेनं सांधे हिरवे पडून आठवडाभरात विझली. त्यावर काकूंनी घरचा उपाय काढला. मुठेल, कोकमाच्या बियांचं गोठलेलं तेल! "टाचेच्या भेगा बुजतात, तर हे का नाही बुजणार?" सांध्यांवर मुठेल थापलं. पट्टी तापली, मुठेल वितळून ठिबकायला लागलं, आणि मुंग्यांची रांग उजेडातून ऐटीत चालू लागली. मी हसू दाबत तात्यांना खोलीत जाऊन ते सांगितलं.

"बाकाला घाम फुटला म्हण की," तात्या म्हणाले आणि खदखदून हसले. कित्येक महिन्यांनी. बाहेर आलो तर काकू हातातलं काम तसंच धरून ऐकत होत्या.

मुठेल खरवडून त्यांनी सांधे ग्लू गननं बुजवले. बाकामागून टीपॉय झाला, मग दाराजवळची मांडणी. एका दुपारी काकूंनी पानं वाढली आणि खोलीकडे तोंड करून म्हणाल्या, "मी आणणार नाही. या."

खोलीत खाट करकरली. मग तात्या दारात आले. अंधारात मांडणीची रेघ, टीपॉयची चौकट, बाकाची लांब कड, सगळं पिवळं उजळलेलं. ते एकेक कड बघत, हात न पसरता चालत आले आणि बाकावर बसले. काकूंनी भातावर आमटी घातली, ती निम्मी ताटाबाहेर.

गेल्या पौषात काकू झोपेतच गेल्या. माजघरात, बाकाच्या पलीकडे जमिनीवर त्यांना ठेवलं होतं. तात्यांना आणायला चार माणसं धावली. "हात सोडा," ते म्हणाले, "मला दिसतंय." आणि खरंच, मांडणी, टीपॉय, बाक, कुठं न अडखळता ते आले. बाक संपला तिथं थांबले. पुढे उजेड नव्हता. वाकून त्यांनी जमिनीवर हात फिरवला, इकडे, मग तिकडे.

"कुठं आहेस गो?"

मी त्यांचा हात धरून काकूंच्या कपाळावर ठेवला.