कीचकाच्या खांद्यातली चीर

कोन गावाच्या पलीकडे, भातखाचरांच्या मधोमध, एक यादवकाळातलं शिवमंदिर होतं. त्याची झाडलोट तुळशीरामच्या घराण्याकडे. बाकी वेळ तो मिठागरात राबायचा. दगडावर दगड, मध्ये चुन्याचा कण नाही, सगळं नुसत्या वजनावर तोललेलं, हे त्याला बापाने शिकवलं होतं. मंडपातल्या प्रत्येक खांबाच्या माथ्यावर दगडात कोरलेले बुटके भारवाहक, कीचक होते. गाल फुगवून, डोळे वटारून त्यांनी तुळया खांद्यांवर पेलल्या होत्या.

एकोणीसशे नव्वदच्या पावसाळ्यात छताच्या सांध्यातून उंबर उगवला. दत्ताचं झाड, त्याला कोयती कोण लावणार? तुळशीरामने मिठागरवाल्याची युक्ती केली. दर आठवड्याला गुपचूप सांध्यात खडेमीठ ठासलं. वर्षभरात उंबर वाळला. पण पुढे मुळं कुजून सांधा पोकळ झाला, मिठाने दगडाच्या कडांचा भुगा गळू लागला आणि खालच्या तुळईला चीर गेली. ती उतरत उतरत एका कीचकाच्या खांद्यात शिरली.

तुळशीरामचं जेवण सुटलं. चीर हलते का ते कळावं म्हणून त्याने तिच्यावर चुन्याचं आडवं बोट ओढलं. रोज सकाळी शिडी लावून तो बघायचा. चुना शाबूत दिसला की तेवढ्यापुरता जीव भांड्यात पडायचा.

महाशिवरात्रीला चुना मधोमध तडकलेला दिसला. शिडीवरून उतरेपर्यंत खाली भजनाच्या पन्नासेक बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. त्याची बायको चंद्रावती नेमकी त्याच खांबाला टेकून.

बोलावं तर देवाचं झाड मारल्याचं कबूल करावं लागणार. गाव देवळाची पायरी चढू देणार नाही. न बोलावं तर...

"चंद्रे, ऊठ तितून."

"आता? इतं पाय ठेवाया जागा नाय."

शेजारची बाई हसली. "तुळशीरामदादा, बायकोला दिष्ट लागंल म्हून उठवता का?"

टाळ सुरू झाले. चंद्रावतीच्या पदरावर चिमूटभर भुगा पडला. तिने तो सहज झटकला.

तुळशीराम ओरडला तेव्हा त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "दाजी, बाया भायेर काढा! तुळई फाटलीय. मीच मीठ भरलं. उंबर मीच मारला!"

दाजी गावचे पंच. ते दारातून पुढे आले. "आदी बाया भायेर," ते म्हणाले. "तुला मंग बघतो."

तुळई पडली नाही. खाली सागाचे टेकू लागले. झाडलोट दुसऱ्या घराकडे गेली. ते सगळं तुळशीरामने मान खाली घालून सोसलं.

 पाचव्या दिवशी ताट वाढता वाढता चंद्रावतीने विचारलं, "मी नसते बसले तितं, तर बोलला असता तुमी?"

भात निवत गेला. तिच्याकडे मान वर करून बघायची त्याची छाती झाली नाही.